दारफुरचे हिरवे पट्टे: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा निम्मी पटली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पश्चिम सुदानमधल्या दारफुरच्या कत्तलीच्या निषेधाच्या नावाने अमेरिकेतल्या कॉलेजात हिरवे मनगटपट्टे वाटणं ही पोटभरल्या पोरांची हौस होती, त्याने एक जीव वाचला नाही, आणि सुदानशी आपला संबंधच काय?

पट्ट्यांवरून भांडत नाही. २००५ च्या थंडीत मेसच्या दाराशी टेबल मांडून मीही ते वाटले. एका हाताने ट्रे सावरत पोरं दुसरा हात पुढे करायची, पट्टा चढवला की थेट पिझ्झाच्या रांगेत. आमच्या पोस्टरवर 'अरब मारतात, आफ्रिकी मरतात' अशा अर्थाची ओळ होती. एक सुदानी मुलगा ती वाचून थांबला आणि शांतपणे म्हणाला, "यात मी कुठल्या बाजूला?" मारणारे मुसलमान, मरणारेही मुसलमान, रंगावरून तर ओळखू येत नाहीत. २००३ मध्ये बंड झाल्यावर राजधानी खार्तूममधल्या सरकारने जंजावीद नावाच्या सशस्त्र अरब टोळ्या फूर, मसालीत, झगावा लोकांच्या गावांवर सोडल्या, वरून विमानांनी बॉम्ब टाकले. एवढं पोस्टरवर मावेना म्हणून आम्ही गाळलं. ती चूकच.

पण काहीच झालं नाही, हे मान्य नाही. खरं काम विद्यापीठाच्या गुंतवणुकीच्या कागदांत झालं. सुदान सरकारचा पैसा तेलाचा, आणि त्या तेलातल्या कंपन्यांचे शेअर विद्यापीठांकडे. एप्रिल २००५ मध्ये हार्वर्डने पेट्रोचायना या चिनी तेलकंपनीचे शेअर काढायचं ठरवलं, पुढच्या वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठानेही तशीच पावलं उचलली. त्याने खार्तूमची तिजोरी रिकामी झाली असं मी म्हणत नाही. विकलेले शेअर कुणीतरी घेतलेच.

आता संबंधाचं. कंपन्यांच्या यादीवरून बोट फिरवताना मला आपली सरकारी तेलकंपनी ओएनजीसी दिसली. सुदानच्या ग्रेटर नाईल तेलप्रकल्पात २००३ पासून तिचा २५ टक्के वाटा होता. आणि २००४ मध्ये सरकारने विक्रीला काढलेले तिचे थोडे शेअर बाबांनी मोठ्या कौतुकाने घेतलेले! रात्री फोनवर त्यांना सांगितलं तर म्हणाले, "अगं, मग काय स्कूटर विकू?" मला उत्तर सुचलं नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये जंजावीदच्या एका म्होरक्याला, अली कुशायबला, हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने दोषी ठरवलं. त्याच महिन्यात त्याच टोळ्यांतून उभ्या राहिलेल्या आरएसएफ (रॅपिड सपोर्ट फोर्सेस) या निमलष्करी दलाने दारफुरमधलं अल-फाशिर शहर घेतलं आणि माणसं कापली. या खेपेला पैसा सोन्याचा आहे. सुदानचं बरंचसं सोनं दुबईच्या बाजारात जातं. पुढच्या महिन्यात आमच्याकडे लग्न आहे, दुबईच्या आत्येभावाला बांगड्या सांगून झाल्यात. त्याला काल विचारलं, सोनं येतं कुठून? तो म्हणाला, "दुकानातून."