लाकडी चमच्याचं सोवळं: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली तेव्हा थोडा रागच आला. सकाळी परत वाचली आणि माझं पातेलं, चमचा, व्हिस्क सगळं ओट्यावर काढून बघत बसले. उत्तराला उशीर झाला तो त्यामुळे.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. गंबोच्या (अमेरिकेतल्या लुइझियानाच्या दाट रश्श्याच्या) लेखात मी ठासून लिहिलं होतं की रू (त्या रश्श्यासाठी तेलात भाजलेला मैदा) ढवळायला तिरप्या सपाट काठाचा लाकडी चमचाच हवा, तारेच्या व्हिस्कला हात लावू नका. ताईंनी तसा चमचा मागवला, सपाट बुडाच्या जाड पातेल्यात अर्धा तास ढवळलं. त्या डावखुऱ्या, मनगट भरून आलं, आणि एवढं करून रूमध्ये काळे कण दिसले, गंबो कडू झाला. पुढच्या रविवारी चिडून कढईत व्हिस्कनेच केला, तर फक्कड जमला. वर लुइझियानाच्या एका प्रसिद्ध शेफचा दाखला देत टोला: ‘पॉल प्रूडोमसुद्धा व्हिस्क वापरायचे. एका चमच्याचं एवढं सोवळं कशाला?’

सोवळं हा शब्द लागला, कारण तो बरोबर बसतो. मी चमच्याबद्दल लिहिलं, भांड्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. चूक तिथे आहे.

रू म्हणजे तेल आणि मैदा, आमच्या लुइझियानात सरळ वाटीला वाटी. मैदा तेलापेक्षा जड, त्यामुळे हात थांबला की तो खाली बसतो. पहिली पाच मिनिटं कशानेही ढवळा, काही बिघडत नाही. मंद-मध्यम आचेवर वीसेक मिनिटांत रंग पीनट बटरसारखा होतो, घरभर भाजल्या शेंगदाण्याचा वास सुटतो, आणि खरी कसोटी तिथून पुढे. चॉकलेटी रंगापर्यंत जायला अजून पंधरा-वीस मिनिटं लागतात (इथले लोक गमतीने ‘दोन बिअरचा रू’ म्हणतात, म्हणजे दोन बिअर संपेपर्यंत ढवळायचं). तेव्हा आपण मिसळत नसतो, मैदा कधीच मिसळलेला असतो. आपण बूड खरवडत असतो. बेसनाच्या लाडवांना पीठ भाजताना उलथणं जसं बुडाला घासत फिरवतो, तसं. तिथेही कोणी घुसळत नाही.

आता पातेलं बघा. सपाट बूड आणि उभी भिंत जिथे मिळतात तिथे चहूबाजूंनी एक खाच असते. व्हिस्कच्या तारा फुग्यासारख्या बाहेर आलेल्या, त्या खाचेत शिरत नाहीत. चिमूटभर मैदा तिथे दबून बसतो, मधला रू तांबूस असतानाच तो करपतो, आणि एका फेरीत काळे कण सगळीकडे. मग गाळून उपयोग नाही, कडूपणा तेलात उतरलेला असतो. टाकून नव्याने सुरुवात करायची, दुसरा इलाज नाही.

आणि कढई? कढईला कोपराच नाही! तिच्या गोल बुडाला व्हिस्कचा गोलवा नेमका बसतो, उलट माझा सपाट चमचा तिथे दोन टोकांवर टेकतो आणि मध्ये फट राहते. म्हणजे तुमचा दुसरा प्रयोग जमला यात नशीब नाही. तुम्ही भांड्याला साजेसं हत्यार घेतलंत. हे मला कितीतरी वर्षांत सुचलं नव्हतं.

प्रूडोम यांचं म्हणाल तर तेही खरं, पण त्यांची तऱ्हा वेगळी. ते तेल धुरावेपर्यंत तापवायचे, मैदा थोडा थोडा टाकत भराभर फेटायचे आणि काही मिनिटांत गडद रंग आणायचे. मैद्याला खाली बसायला उसंतच नाही. व्हिस्कही लांब दांड्याचा, आणि लाकडी चमचाही चालतो असं ते सांगत. घरी ही घाई करू नका. रू तेलासारखा ओघळून जात नाही, कातडीला चिकटून बसतो. त्याला ‘केजन नेपाम’ (केजन म्हणजे लुइझियानाच्या फ्रेंच वळणाच्या स्वयंपाकाचं, नेपाम म्हणजे अंगाला चिकटून जळणारं बॉम्बमधलं इंधन) म्हणतात ते उगीच नाही. तारा लवचीक, जोरात फिरवल्या की थेंब उडवतात. माझ्या उजव्या मनगटावर मसुराएवढा डाग आहे, तो अशाच एका दुपारचा.

व्हिस्कवर मी सरसकट फुली मारली हेही चुकलं. बेशामेलसाठी (दुधाच्या पांढऱ्या सॉससाठी) पांढरा रू दोन-तीन मिनिटांत होतो, आणि दूध ओतलं की खरवडण्यापेक्षा गुठळ्या मोडणं महत्त्वाचं. तिथे व्हिस्कच हवा, लाकडी चमच्याने गुठळ्या नुसत्या इकडून तिकडे फिरतात. सिलिकॉनच्या चमच्याचंही तुम्ही विचारलं होतंत: चालतं, पण काठ मऊ असेल तर तो खरवडण्याऐवजी वाकतो. नायलॉनचं मात्र नको, गडद रूच्या आचेला ते वितळू शकतं.

राहिला तुमचा हात. हे लिहिताना माझा चमचा समोर आहे. त्याचा एक कोपरा झिजून दुसऱ्यापेक्षा बोटभर आखूड झालाय आणि काळपट पडलाय. मी उजवी, त्यामुळे तो माझ्या हातासारखा झिजला. हे तिरप्या काठाचे चमचे बहुतेक उजव्या हातासाठीच कापलेले असतात. डाव्या हातात लांब टोक भलत्या बाजूला येतं, काठ बुडाला पुरता टेकत नाही, तो टेकवायला मनगट मुरडावं लागतं. तुमचं मनगट त्याने भरून आलं असणार, आणि कदाचित कण करपले तेही त्यामुळेच. लेखात हे लिहायचं माझ्या डोक्यातही आलं नाही, याबद्दल मनापासून सॉरी.

चमचा फेकला नसेल तर बघा: दोन्ही बाजूंनी सपाट असेल तर पालथा धरा, तिरपा काठ आपोआप तुमच्या हाताचा होईल. पुढून खोलगट असेल तर ती युक्ती चालणार नाही. मग लांब टोक पॉलिश पेपरने घासून काठ सरळ करून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. आणि कोणता निघाला ते खाली कळवा, म्हणजे मूळ लेखात तशी दुरुस्ती टाकते.