तरुणांची बाजू कोणी घ्यावी? : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. लोकसभेची निवडणूक लढवण्यासाठी असलेली २५ वर्षांची अट खाली आणावी, असे मी लिहिले होते. त्यावर आपले म्हणणे असे की, तिकिटे वय पाहून नव्हे तर आडनाव, जात आणि पैसा पाहून वाटली जातात, त्यामुळे अट शिथिल झाली तर घराण्यांतली मुलेच लवकर निवडून येतील. आणि जाता जाता, ‘निवृत्तीला टेकलेल्या माणसाने तरुणांच्या वकिलीचा आव आणू नये.’ लेख लांबला, ही आपली तक्रार मात्र रास्त आहे.

मतभेदाचे मला वावडे नाही. पण ‘आव’ वगैरे भाषा मुद्दा खोडण्याची नव्हे, माणसाला हिणवण्याची असते. मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणणारी ६१वी घटनादुरुस्ती मार्च १९८९ मध्ये लागू झाली, म्हणूनच त्या वर्षअखेरच्या लोकसभा निवडणुकीत विशीही न गाठलेल्या मला मत देता आले. तो हक्क ज्या संसदेने दिला, तिच्यात पंचविशीच्या आतला एकही सदस्य असणे कायद्यानेच शक्य नव्हते. आपला न्याय लावायचा तर त्या साऱ्यांनी गप्प बसायला हवे होते. उमेदवारीचे वय १८ करण्याची शिफारस २०२३ साली संसदेच्या स्थायी समितीने केली, तिचे अध्यक्षही सत्तरी ओलांडलेले होते. त्यांनाही आपण हेच सुनावणार काय?

शिवाय आपण मला ओळखत नाही. ऐन विशीत एका संघटनेत मी रात्री जागून ठरावांचे मसुदे लिहीत असे. सकाळी अध्यक्ष ते वाचून टाळ्या घेत आणि सभा उठली की आम्ही सतरंज्या गुंडाळत असू. कार्यकारिणीत जागा मागितली, तेव्हा ‘अजून लहान आहेस, थांब’ असे उत्तर मिळाले, आणि पुढे त्या जागेवर अध्यक्षांचा पुतण्या आला, जो माझ्याहूनही लहान होता. हे ज्याने सोसले आहे, त्याला आव आणावा लागत नाही.

घराणेशाहीचे म्हणाल, तर तो स्वतंत्र विषय आहे आणि इथे त्यात शिरण्याचे कारण मला दिसत नाही. मात्र १८ व्या वर्षी सरकार निवडण्याइतकी अक्कल असलेल्या नागरिकाने उमेदवारीसाठी आणखी ७ वर्षे का थांबायचे, यावर आपण एक अक्षरही लिहिलेले नाही. ते लिहिलेत तर जरूर उत्तर देईन. माझ्या वयाची चर्चा माझ्यापुरती संपली आहे.