साटा-३ म्हणजे ६०० एमबी? हार्डडिस्कवर उगाच आळ नको

नवा पीसी जोडला आणि हार्डडिस्क रेंगाळते आहे, असं कुणी म्हटलं की व्हॉट्सॲपवर एक ठरलेला सल्ला येतो: "बोर्डावर साटा-३ (डिस्क जोडायची वाट) आहे, म्हणजे सेकंदाला ६०० एमबी मिळायलाच हवेत. नाहीतर डिस्क खराब. फॉरमॅट मारा, डीफ्रॅग करा (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र आणा), नाहीच जमलं तर बदला." यापायी लोक धडधाकट डिस्क परत करतात.

"६०० मिळायलाच हवेत." ६०० ही रस्त्याची मर्यादा आहे, गाडीचा वेग नव्हे. ७२०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ७२०० फेरे घेणारी, डिस्क मोठी फाइल सलग वाचताना साधारण १५० ते २०० देते. तबकडीच्या आतल्या ट्रॅकवर, म्हणजे डेटा लिहिलेल्या गोल पट्ट्यांवर, हाच वेग निम्म्यावर येतो. बारीक फाइलींचं गणित त्याहून वाईट. तबकडीचा एक फेरा ८.३३ मिलिसेकंदांचा, म्हणजे सरासरी चारेक मिलिसेकंद वाट पाहण्यात जातात. वाचणारं हेड जागेवर पोचायला आणखी आठ-नऊ. सेकंदाला ऐंशीएक उड्या, ४ केबीच्या हिशेबानं जेमतेम ३२० केबी! टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के आणि वेग १ एमबी दिसतो तो यामुळेच. विंडोज नव्यानं टाकलं की अपडेट आणि इंडेक्सिंग (शोधासाठी फाइलींची यादी बनवणं) मागे चालू असतं. रात्रभर स्लीप बंद ठेवून पीसी चालू राहू द्या, मगच मोजा.

"डिस्कच खराब." आधी क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम उघडा. ट्रान्सफर मोडमध्ये डावीकडचा आकडा सध्याचा, उजवीकडचा डिस्कला झेपणारा. डावीकडे ३०० किंवा १५० दिसलं तर केबल आणि पोर्ट बदलून बघा. मग 'सी-७', म्हणजे सीआरसी एररची ओळ. बोर्ड आणि डिस्कमधल्या वाटेत डेटा बिघडला की तो पुन्हा पाठवावा लागतो, तेच इथे मोजलं जातं. केबल बदलली तरी हा आकडा शून्यावर येत नाही. म्हणून तो लिहून ठेवा, २०-३० जीबी कॉपी करा, पुन्हा बघा. वाढला तर बहुधा केबल दोषी. नव्या जोडणीत साइड पॅनल लावताना केबल कनेक्टरपाशीच मुडपते. पीसी बंद करून क्लिपवाली केबल 'टक' आवाज येईपर्यंत बसवा. 'सी-५', म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या जागांचा आकडा, वाढत असेल तर मात्र डिस्कच जाते आहे. आधी बॅकअप घ्या.

"फॉरमॅट, डीफ्रॅग." नव्या डिस्कवर विस्कटलेलं असं फारसं काही नसतंच, आणि केबल फॉरमॅटनं सुधारत नाही.

"बदला." मोठी कॉपी १५० वर सुरू होऊन काही मिनिटांनी २०-३० वर कोसळत असेल, तर मॉडेल एसएमआर या प्रकारचं आहे का ते तपासा. त्यात ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. तेच मॉडेल पुन्हा आणलं तर तोच अनुभव येईल. घ्यायची तर सीएमआर, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर न चढवलेली, घ्या, आणि विंडोज एसएसडीवरच टाका.