'काही लागलं तर सांगा' याच्या पुढे

कोणाच्या घरी मृत्यू झाला की 'काही लागलं तर सांगा' म्हणून माणसं निघून जातात, हे एका लेखातलं निरीक्षण अगदी खरं आहे. दुःखातल्या घराला सांगायचं सुचत नाही, म्हणून काम आपणच उचलावं. पिठलं-भात शेजारून येतोच, कागद मात्र कोणी बघत नाही. मृत्यू घरी झाला असेल तर आधी डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र घ्यावं, त्याशिवाय स्मशानात अडतं. तिथे आधारची झेरॉक्स द्यावी आणि नोंदीतलं नाव अक्षर न् अक्षर ताडून बघावं. आधारवर 'दत्तात्रय' आणि नोंदीत 'दत्तात्रेय', एवढ्या एका मात्रेवरून बँकेत आणि विम्यात महिनोन्महिने काम रखडतं. दहनाची पावती जपून ठेवा. मृत्यूची नोंदणी 21 दिवसांच्या आत करावी, नंतर विलंब शुल्क लागतं. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच काढा. गेलेल्या माणसाचं सिमकार्ड लगेच बंद करू नका, वीजबिलापासून गॅसपर्यंत ओटीपी त्यावरच येतात. त्यांचं एटीएम कार्ड मात्र कोणीही वापरू नये, पुढे वारसांत त्यावरूनच वाद होतात. आणि तेराव्यानंतर गर्दी ओसरते, तेव्हा बँकेत सोबत जायला माणूस खरा लागतो.