खाकी न घातलेल्याने गप्प बसायचं का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

महोदय,

बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुरड्यांवरच्या अत्याचाराचा आरोपी मुंब्रा बायपासवर पोलिसांच्या गोळीने मेला. त्या गोळीबारावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "ज्याने आयुष्यात कधी खाकी अंगावर चढवली नाही, त्याने एसीत बसून पोलिसांना शिकवू नये." पुढे स्वसंरक्षणाचं कलम आहे, दोन सेकंदांत घ्यावा लागणारा निर्णय आहे, कोर्टातल्या तारखा आहेत, आणि "तुमच्या मुलीवर वेळ आली असती तर?" हेही आहे.

आधी माझी चूक. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ ला चकमकींबाबत घालून दिलेल्या सूचना मी १४ लिहिल्या होत्या. त्या १६ आहेत. दुरुस्त केलं, आभार. पण एवढी चूक दाखवताना "अभ्यास करा, मग तोंड उघडा" हे कशासाठी? मी तुम्हाला अरे-तुरे केलेलं नाही.

आता खाकी. माझे वडील ३१ वर्षं पोलिसात होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले. पोलीस लाइनीतल्या दोन खोल्यांत आम्ही पाच जण वाढलो. गणपती असो की दिवाळी, वडील बंदोबस्तावर. मी सातवीत असताना एका दंगलीत त्यांना गोळी चालवायचा हुकूम मिळाला आणि एक माणूस गेला. त्या रात्री ते जेवले नाहीत. आईला एवढंच म्हणाले, "तीन राउंड गेले, तीनच लिहून दिलेत."

चौकशी चौदा महिने चालली. वरच्या एका साहेबाने त्यांना सुचवलं होतं, वेळ जरा मागेपुढे लिहा, सगळंच सोपं होईल. त्यांनी लिहिली नाही. बढती रखडली, आईच्या बांगड्या गेल्या, शाळेत मुलं मला काय म्हणायची ते इथे लिहीत नाही. शेवटी निर्दोष ठरल्याचा कागद आला. तो आजही माझ्या कपाटात आहे. चौकशी झाली नसती तर तो माणूस कसा गेला हे आपल्यालाही नीट कळलं नसतं, असं ते म्हणायचे. एसीत बसून नाही, त्या दोन खोल्यांत शिकलो मी हे. तुम्ही कोणत्या लाइनीत राहिलात, तेही कळू द्या.

म्हणूनच सरकारी निवेदनातलं 'स्वसंरक्षणार्थ' वाचून मी थांबत नाही. ११ नोव्हेंबर २००६ ला वर्सोव्यात लखनभैया मारला गेला, तेव्हाही कागदावर चकमकच होती. त्याचा भाऊ वकील. तो हटला नाही, म्हणून वाशीहून उचलून नेल्याची गोष्ट बाहेर आली. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या प्रकरणात माजी पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा यांना जन्मठेप सुनावली. खालच्या कोर्टाने त्यांना सोडलं होतं. उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध ते सर्वोच्च न्यायालयात गेले. हैदराबादला डिसेंबर २०१९ मध्ये बलात्कार आणि खुनाचे चार आरोपी पोलिसांच्या गोळीबारात मेले, तेव्हा पोलिसांवर फुलं उधळली गेली. मग आपल्याच विकास सिरपूरकरांच्या, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या माजी न्यायमूर्तींच्या, चौकशी आयोगाने सांगितलं, गोळीबार जीव घेण्याच्या इराद्यानेच झाला आणि मेलेल्या चौघांतले तिघे अल्पवयीन होते. फुलं उधळणाऱ्यांनी त्यानंतर काय केलं?

बदलापूरचा आरोपी तळोजा कारागृहातून नेताना पोलिसांच्या गाडीत मेला, तो दिवसही २३ सप्टेंबर, साल २०२४. गाडीत एवढे पोलीस असताना एकाला आवरता कसं आलं नाही, गोळी डोक्यातच का, हे उच्च न्यायालयाने विचारलं. मी विचारलं की मात्र मी पोलिसद्वेष्टा! न्यायदंडाधिकाऱ्यांच्या अहवालात पाच पोलिसांवर ठपका आहे. अहवाल म्हणजे शिक्षा नव्हे, हे मी लेखात स्पष्ट लिहिलं होतं. तुम्ही तिथपर्यंत वाचलं नाहीत, हे उघड आहे.

स्वसंरक्षणाचं कलम लेखात आहेच, पुन्हा सांगत बसत नाही. दोन सेकंदांचंही तेच. कोर्टं उशीर करतात, मान्य, तो वेगळा विषय.

राहता राहिली माझी मुलगी. त्या दोन चिमुरड्यांसाठी माझाही जीव तुटला. तो किती, हे तुम्ही ठरवू नका. आरोपी खटल्याआधीच मेल्यावर कोर्टात सिद्ध व्हायचं ते तसंच राहिलं, याचा राग मला त्यांच्यासाठीच येतो. तुमची प्रतिक्रिया मी उडवलेली नाही. माझ्या मुलीचं वाक्य तेवढं काढलं आहे, आणि ते परत टाकलंत तर परत काढीन.