जर्नलमधले रीडिंग: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक प्रामाणिकपणाविषयी मी जे लिहिले, त्यावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे, की सीनियरचे जर्नल, म्हणजे प्रात्यक्षिकाची वही, उतरवून काढणे ही जुनी रीत आहे आणि त्यात कोणाचेच नुकसान होत नाही. गुण नीटनेटकेपणाला मिळत असताना मुलांकडूनच सचोटीची अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे. आणि खुद्द विद्यापीठ अनुदान आयोगाला जर 10 टक्के नक्कल चालते, तर प्रात्यक्षिकाच्या वहीवरून एवढा गहजब कशाला?

शेवटच्या मुद्द्यात गैरसमज आहे, म्हणून तो आधी घेतो. आयोगाची 2018 ची नियमावली प्रबंधाच्या इतरांच्या लेखनाशी असलेल्या साम्याची प्रतवारी करते. 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढे 40 पर्यंत गेल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, 60 पर्यंत गेल्यास एक वर्ष तो सादर करता येत नाही आणि 60 ओलांडल्यास नोंदणीच रद्द होते. किरकोळ साम्याला शिक्षा नसणे आणि तेवढी चोरी करण्याची मुभा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याच नियमावलीतील व्याख्येनुसार दुसऱ्याचे काम किंवा कल्पना घेऊन ती स्वतःची म्हणून पुढे करणे हे वाङ्मयचौर्य आहे, आणि शब्द पूर्ण बदलून उचललेली कल्पना टक्केवारीत दिसलीच नाही, तरी ती उचललेलीच असते.

आता नुकसानाविषयी. मी रसायनशास्त्राचा शिक्षक असल्यामुळे टायट्रेशनचेच, म्हणजे आम्लाला पुरी पडणारी अल्कली मोजण्याच्या प्रयोगाचेच उदाहरण देतो. फ्लास्कमध्ये पिपेटने 10 मिली आम्ल घ्यायचे, रंग बदलून दाखवणाऱ्या फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकायचे, ब्युरेटमधून, म्हणजे खाली तोटी असलेल्या मापनळीतून, अल्कली सोडायची आणि टिकून राहील असा फिकट गुलाबी रंग दिसताच थांबायचे. नवख्या हाताला हे पहिल्यांदा जमत नाही. तोटी क्षणभर जास्त उघडी राहते आणि द्रावण गडद गुलाबी होते. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीच्या कच्च्या वहीत पेन्सिलने 10.7, 10.1 आणि 10.3 मिली अशी तीन रीडिंग लिहिलेली मी पाहिली. थोड्या वेळाने तिने शेजारच्या टेबलावर ‘तुझा सीबीआर (ब्युरेटचे स्थिर रीडिंग) किती आला गं?’ अशी विचारणा केलेली ऐकू आली, आणि तिच्या जर्नलमध्ये शाईने 10.2, 10.2, 10.2 उतरले. तिच्या हातून घडलेली एकमेव खरी गोष्ट खोडरबराने गेली. 10.7 कसे आले, तोटी कुठे चुकली, चौथे टायट्रेशन का करायला हवे होते, हे तिला त्या वहीतून पुन्हा कधीच कळणार नाही. आपण विचारता, नुकसान कोणाचे? आधी तिचे; आणि उद्या ती औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीला बसली, तर ते औषध घेणाऱ्याचेही.

ही अतिशयोक्ती वाटत असेल, तर अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील भौतिकशास्त्रज्ञ यान हेन्ड्रिक शोन यांचे बनावट आकड्यांचे प्रकरण जरूर वाचावे. निरनिराळ्या प्रयोगांच्या आलेखांत, जिथे आकडे आपोआप थोडे हेलकावे खातात, तिथले हेलकावेही हुबेहूब सारखे निघाले, आणि तिथून संशय बळावला. 2002 मध्ये चौकशी समितीने त्यांना दोषी ठरवले, तेव्हा नीट ठेवलेली प्रयोगवही आणि मूळ आकडे ते दाखवू शकले नाहीत. अतिसारखे आकडे हीच खोटेपणाची खूण ठरली. तीन वेळा आलेले 10.2 पाहून हल्ली मला हटकून तेच आठवते.

आपला दुसरा आक्षेप मात्र मला टाळता येत नाही, आणि टाळायचाही नाही. त्या मुलीने रीडिंग बदलले, कारण विस्कळीत आकड्यांना गुण कमी पडतात हे तिला ठाऊक होते, आणि ते तिला आम्हीच शिकवले आहे. मी स्वतः कित्येक वर्षे अपेक्षित उत्तराच्या जवळ आलेले जर्नल डोळे झाकून सही करून परत दिले, आणि प्रामाणिकपणे लिहिलेल्या चुकीच्या उत्तरावर लाल शाईने ‘रिपीट’ लिहून तेवढ्यावर थांबलो. सबमिशनच्या आदल्या आठवड्यात वीस वीस मुलांच्या जर्नलवर मागच्या तारखा घालून सह्या करणे हीदेखील नक्कलच आहे. फक्त ती शिक्षक करतात. त्यामुळे विद्यार्थ्यांकडून अपेक्षा ठेवण्याआधी शिक्षकांनी आपली सही खरी केली पाहिजे, हे आपले म्हणणे मी पूर्णपणे मान्य करतो. मान्य नाही ते एवढेच, की शिक्षक सुधारेपर्यंत विद्यार्थ्याला मोकळीक असावी. तोटी त्याच्या हातात असते, आणि किती मिली उतरले हे त्या क्षणी त्याच्याशिवाय कोणीच पाहिलेले नसते.

यंदा माझ्या बॅचपुरता मी एक बदल केला आहे. रीडिंग थेट शाईने लिहायचे, चुकले तर एक आडवी रेघ मारून शेजारी नवे लिहायचे, आणि मुले प्रयोगशाळेतून निघण्यापूर्वी त्या पानावर मी त्याच दिवशीची सही करतो. उत्तर किती जवळ आले यापेक्षा फरक का पडला, याच्या दोन ओळींना मी गुण देतो. पहिल्या महिन्यात मुले बिचकली; आता 10.7 दाखवायला स्वतःहून टेबलापाशी येतात.

आपण शेवटी विचारले आहे, की आजारपणामुळे चार प्रयोग बुडालेल्या मुलाने सबमिशनच्या दिवशी काय करावे. त्याने अपुरे जर्नल आणावे. झालेल्या प्रयोगांवर मी सही करीन, आणि राहिलेले चार त्याने शनिवारी दुपारी येऊन करावेत. त्या वेळी प्रयोगशाळा रिकामी असते आणि मी तिथेच असतो.