आमच्या बाजूने ओके

कारखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजला वॉकीटॉकीची यंत्रणा जोडायची, तर तारेचं काम दहा मिनिटांचं आणि माणसांचं दिवसभराचं. बडोद्याच्या मकरपुऱ्यात एक्स्चेंजवाला सांगतो, "साहेब, अमारी बाजु तो ओके छे." रेडिओवाला म्हणतो, "आमच्याही बाजूने ओके." मग बिघडलंय ते मधल्या चार तारांतच असणार!

कधीकधी असतंही. आरजे-४५ च्या, म्हणजे आठ पिनांच्या प्लगच्या, १-२ पिनांवर तारांची एक जोडी, ४-५ वर दुसरी. दोन्ही यंत्रांची पिनरचना सारखी असली आणि केबल सरळ टाकली, की दोघंही एकाच जोडीवर बोलतात आणि दुसरीवर कान लावून बसतात. जोड्या उलटवा. आपलं पोर्ट जिवंत आहे का, हे पाहायचं तर एका प्लगमध्ये १ ला ४ आणि २ ला ५ जोडून तो खुपसा. लाल दिवा गेला, तर भांडायला मोकळे.

मला सर्वांत जास्त भीती वाटते ती "डिफॉल्टच ठेवलंय" या वाक्याची. डिफॉल्ट कुठल्या देशाचं? अमेरिकेहून आलेली पेटी टी-वनवर, म्हणजे तिकडच्या डिजिटल लाइनच्या पद्धतीवर, असते: सेकंदाला १.५४४ मेगाबिट, २४ चॅनेल. आपल्याकडे ई-वन: २.०४८ मेगाबिट, ३२ टाइमस्लॉट; त्यातला शून्यावा चौकट (३२ स्लॉटांची एक फेरी) जुळवायला, १६ वा सिग्नलिंगला, उरलेले ३० बोलायला. ही चूक निदान प्रामाणिक आहे, काहीच चालत नाही. लबाड चूक म्हणजे आवाजाचे आकडे करायच्या आपल्याकडच्या ए-लॉ पद्धतीच्या जागी राहिलेला अमेरिकेचा म्यू-लॉ. लाइन हिरवी, फोन लागतो, शब्दही कळतात, पण आवाज फाटका आणि खरखरीत. रेडिओवर खरखर म्हटल्यावर ड्रॉपडाउन उघडून कोण बघतो? एखाद्याला अँटेना तपासायला टॉवरवर चढवतात.

लाइन कोडिंग (तारेवर बिट पाठवायची पद्धत) एचडीबी-३, आणि सीआरसी-४ (चुका पकडणारी तपासणी) दोन्हीकडे चालू किंवा दोन्हीकडे बंद. यावर वाद घालू नये.

वाद घालावा क्लॉकवर, म्हणजे कोणाच्या घड्याळाच्या तालावर चालायचं यावर. इथे दोघांनाही मास्टर, म्हणजे ताल देणारा, व्हायचं असतं. नवरात्रात एकाच मैदानात दोन ढोलवाले आपापल्या लयीत वाजवायला लागले तर गरब्याचं जे होईल, तेच. दोन घड्याळांत ५० पीपीएमचा (दहा लाखांत ५०) फरक असेल, तर सेकंदाला ८००० चौकटींच्या हिशेबाने दर अडीच सेकंदांनी एक चौकट गळते किंवा दोनदा येते. बोलताना एखादी टक् ऐकू येते, कधी तीही नाही. फॅक्स मात्र अर्ध्या पानावर मान टाकतो. एक्स्चेंज मास्टर, रेडिओचा गेटवे (वॉकीटॉकी एक्स्चेंजला जोडणारी पेटी) स्लेव्ह, म्हणजे ताल धरणारा. दिवा हिरवा आहे म्हणून थांबू नका, स्लिपचा (चौकट गळण्या-दुणावण्याचा) आकडा शून्यावर आणून तासाभराने परत बघा.

ई-वनवरून कॉल लावायच्या पीआरआय पद्धतीलाही हाच मानपानाचा रोग. एक नेटवर्क, दुसरा यूजर असायला हवा. दोघंही यूजर झाले की लाइन हिरवी, पण १६ व्या स्लॉटमधलं, कॉलचे निरोप नेणारं डी-चॅनेल सुरू होत नाही आणि एकही कॉल लागत नाही.

एवढं जमलं की खरी गंमत सुरू होते, कारण फोनवर दोघं एकदम बोलतात आणि रेडिओवर एकच. आवाज ओळखून रेडिओचं बटण दाबायचं काम गेटवेचं. त्याला जाग येईपर्यंत 'हॅलो'चा 'लो' होतो. त्यासाठी आवाज थोडा मागे धरून सोडायची सोय असते, ती चालू करा. फोनवाल्याने फोन ठेवला, की काही एक्स्चेंज लाइन सोडण्याआधी एंगेज टोन ऐकवतात: ४०० हर्ट्झ, पाऊण सेकंद आवाज, पाऊण सेकंद शांतता. गेटवेचा हँग टाइम (आवाज थांबल्यावरही बटण दाबून धरायचा वेळ) एक सेकंदाचा. म्हणजे शांतता संपली तरी बटण सुटत नाही, आणि सगळ्या गेटांवरचे रखवालदार टूं-टूं ऐकत बसतात. एखादा भला माणूस "हा, बोलो, बोलो" म्हणत राहतो, पण चॅनेल अडलेलं असतं, त्याचं ऐकतो कोण? एक्स्चेंजकडून डिस्कनेक्टचा संदेश येताच, टोनची वाट न पाहता, कॉल सोडायचं सेटिंग गेटवेत शोधा. ते सापडेपर्यंत रेडिओचा टाइमआउट (सलग बोलण्याची मर्यादा) ६० सेकंदांवर ठेवा, म्हणजे रखवालदारांना मिनिटभरच ऐकावं लागेल.